‘सोयीचे घर’ सेंटिमीटरमध्ये मागा

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहण्याची अवस्था, आहे. तो आधाराशिवाय उभा राहू शकत नाही आणि घरात व बाहेर व्हीलचेअर वापरतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. त्याचे वजन आता २६ किलो झाले आहे. शाळेच्या दिवशी मी त्याला उचलून खाली नेते, संध्याकाळी वर आणते आणि प्रत्येक वेळी व्हीलचेअरसाठी पुन्हा एकदा जिना चढते-उतरते. माझी पाठ आता रोज दुखते. गेल्या वर्षभरात आम्ही चौदा घरे पाहिली. मुलाबद्दल कळले की बहुतेक घरमालक ‘विचार करून कळवतो’ म्हणतात आणि मग कळवत नाहीत. सरकारी गृहयोजनेतील आमच्या अर्जाला ‘प्राधान्य गटात बसत नाही’ एवढेच उत्तर आले. सध्या दोन घरे समोर आहेत. एक तळमजल्यावर आहे, पण दारात तीन पायऱ्या आहेत आणि बाथरूम फार लहान आहे. बाथरूमला लागून एक छोटी कोठीची खोली आहे. दुसरे पाचव्या मजल्यावर आहे, तिथे लिफ्ट आहे आणि बाथरूम मोठे आहे. कोणते घ्यावे? मुलाबद्दल घरमालकाला आधी सांगावे की करार झाल्यावर? नातेवाईक म्हणतात, त्याला निवासी संस्थेत ठेवा, म्हणजे सगळेच प्रश्न सुटतील. मी जास्तच मागते आहे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मनात ठाण मांडून बसला असेल तर बाकीच्या उत्तरांचा तुम्हाला काहीच उपयोग होणार नाही. तुम्ही जास्त मागत नाही. आपल्या घरात ये-जा करता यावी, अंघोळ करता यावी आणि रात्री अंथरुणावर जाता यावे, एवढेच तुम्ही मुलासाठी मागत आहात, आणि या तीन गोष्टी इतर मुलांना न मागता मिळतात म्हणूनच तुमची मागणी लोकांना मोठी वाटते. माझे बहुतेक आयुष्य ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे जमावीत यासाठी मदत करणारी थेरपिस्ट, म्हणून मुलांच्या घरी जाऊन दारे, पायऱ्या आणि न्हाणीघरे मोजण्यात गेले आहे. संकोचामुळे घर गमावलेली कितीतरी कुटुंबे मी पाहिली आहेत. जास्त मागितले म्हणून घर गमावलेले कुटुंब मात्र मला आठवत नाही.

तुमच्या पाठीचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे. मला तो पत्रातला सर्वात महत्त्वाचा भाग वाटला. माणसाने माणसाला हातांनी उचलताना किती वजन सुरक्षित धरावे, याचा हिशेब अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेतील संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये मांडला होता. तो आकडा ३५ पौंडांचा, म्हणजे सुमारे १६ किलोंचा आहे, आणि तोही उचलणाऱ्याला वाकावे किंवा वळावे लागत नाही, उचलला जाणारा सहकार्य करतो आणि अंगाजवळ राहतो, अशा अनुकूल परिस्थितीतला आहे. ही मर्यादा रुग्णालयातील प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून सांगितलेली आहे. तुम्ही २६ किलोंचा मुलगा, ज्याचे स्नायू मध्येच ताठरतात, त्याला घेऊन जिना उतरता. त्यामुळे तुमचे दुखणे हा स्वभावाचा किंवा सहनशक्तीचा दोष मानू नका. घर बदलण्याच्या अर्जात ते वैद्यकीय कारण म्हणून यायला हवे, कारण ज्या दिवशी तुमची पाठ धरेल त्या दिवशी मुलाची शाळा, उपचार आणि बाहेरचे जग एकाच वेळी थांबेल. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांचे म्हणणे लेखी घ्या.

घर मिळेपर्यंत एक करता येईल. साधी, हलकी, जुनी का असेना, दुसरी व्हीलचेअर मिळवा आणि इमारतीच्या तळाशी साखळी-कुलूप लावून ठेवा, म्हणजे खुर्चीसाठीचा जिना तरी वाचेल. खास बैठक बसवलेली खुर्ची वर राहू द्या. शाळेपर्यंतच्या वेळेपुरती साधी खुर्ची चालेल का, हे आधी त्याच्या थेरपिस्टला विचारून घ्या.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. तुम्ही चौदा घरे पाहिलीत आणि प्रत्येक ठिकाणी, मला वाटते, ‘व्हीलचेअरसाठी सोयीचे घर हवे’ असे सांगितले असेल. हे वाक्य खरे आहे, पण ऐकणारा प्रत्येक जण त्यातून वेगळे काहीतरी ऐकतो. दलालाला त्यातून फक्त ‘तळमजला’ कळतो. घरमालकाच्या डोळ्यांपुढे फोडलेल्या भिंती, रुग्णालयातला पलंग आणि पुढे घर रिकामे करून मिळेल की नाही ही भीती उभी राहते. गृहयोजनेच्या कार्यालयातला माणूस त्याचे छापील गट पाहतो आणि त्यात तुमचे वाक्य सापडत नाही. मागणी मोघम असली की नकारही मोघमच येतो, आणि मोघम नकाराविरुद्ध दाद मागता येत नाही. म्हणून माझा सल्ला असा, की यापुढे ‘सोयीचे’ हा शब्द बाजूला ठेवा आणि आपल्या मुलाला काय लागते ते सेंटिमीटरमध्ये लिहा. एका कागदावर मावेल एवढेच लिहा.

हे आकडे मुलाच्या खुर्चीपासून सुरू होतात. खुर्चीची रुंदी मोजताना बैठक मोजू नका; चाकाबाहेरची जी कडी तो हाताने ढकलतो, त्या दोन्ही कड्यांच्या बाहेरच्या टोकांमधले अंतर मोजा. लांबी मोजताना पाय ठेवायच्या पाट्यांवर त्याचे बूट घातलेले पाय असू द्या, कारण पाट्यांच्या पुढे येणारी बोटेच दाराला आणि लिफ्टच्या भिंतीला आधी लागतात. मग त्यात वाढ धरा. नऊ वर्षांचा मुलगा चौदा-पंधराचा होईपर्यंत त्याचे वजन दुपटीच्या आसपास जाऊ शकते आणि खुर्ची एक-दोनदा बदलते. आज नेमके बसणारे घर तीन वर्षांत अपुरे पडले, तर ही सगळी वणवण पुन्हा तुमच्याच वाट्याला येईल. म्हणून मोजमाप आजच्या खुर्चीचे घ्या, पण मागणी प्रौढ माणसाच्या खुर्चीची करा.

दारांच्या बाबतीत फसगत हमखास होते. कोणी ‘दार ७५ सेंटिमीटरचे आहे’ म्हणाले, तर तो बहुधा फळीचा आकडा असतो. दार काटकोनात उघडल्यावर फळीची जाडी आणि चौकटीची खाच त्यातून वजा होते आणि प्रत्यक्ष वाट ७० सेंटिमीटरच्या आसपास उरते. मोजायचे ते उघड्या फळीच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंतचे मोकळे अंतर. ते ९० असेल तर उत्तम, आणि साधारण ८१ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पुढे अडचण येणार, असे धरून चाला. बाहेरच्या अरुंद पॅसेजमधून वळून आत शिरायचे असेल, तर तेवढेही पुरत नाही.

फार वर्षांपूर्वी मी एका घरी गेले होते. साताठ वर्षांची मुलगी स्वतःची खुर्ची स्वतः चालवायची आणि तिच्या दोन्ही हातांच्या बोटांच्या पेरांवर चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. आईला वाटत होते की ती खेळताना हात घासून घेते. मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून पाहिले, तर चौकटीच्या दोन्ही अंगांना, जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर, रंग उडून काळपट रेघा उठल्या होत्या. खुर्ची ६४ सेंटिमीटरची होती आणि वाट ६८ची. दोन्ही बाजूंना मिळून उरलेल्या चार सेंटिमीटरमध्ये त्या मुलीची बोटे दिवसातून वीस वेळा जात होती. सुताराने साध्या बिजागऱ्या काढून, उघडल्यावर दाराची फळी वाटेतून पूर्णपणे बाजूला नेणाऱ्या बिजागऱ्या लावल्या. तेवढ्यावर आणखी चार सेंटिमीटर मिळाले आणि चिकटपट्ट्या बंद झाल्या. भिंतीला हातही लावावा लागला नाही. घरमालक ‘तोडफोड’ म्हणून ज्याला घाबरतात, ते काम पुष्कळदा एवढेच असते, आणि त्यांना ते कोणी सांगितलेले नसते.

वळण्याच्या जागेसाठी एक दोरी आणि खडू जवळ ठेवा. व्हीलचेअर जागच्या जागी पूर्ण फिरायला साधारण १५० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ लागते. दोरीच्या एका टोकाला खडू बांधा, तिथून ७५ सेंटिमीटरवर दोरी जमिनीवर दाबून धरा आणि रिकाम्या घराच्या जमिनीवर ते वर्तुळ काढा. झोपायच्या खोलीत पलंग गृहीत धरून काढा, बाथरूममध्ये कमोड जिथे आहे तिथेच ठेवून काढा. वर्तुळ भिंतीवर चढू लागले की घरमालकालाही न बोलता कळते. मी हे शेकडो वेळा केले आहे. वाद घालण्यापेक्षा खडूची रेघ लवकर पटते.

तुमच्या दोन घरांचा निर्णयही याच मोजपट्टीने लावता येईल. घर पाहताना मी नेहमी दोष दोन रांगांत मांडते, बदलता येणारे आणि न बदलता येणारे. पायरी, उंबरा, बिजागरी, नळाची उंची, स्विचची जागा, कमोडची बैठक या गोष्टी बदलता येतात. इमारतीचा भार पेलणारी भिंत, लिफ्टच्या केबिनचा आकार आणि रस्त्यापासून फाटकापर्यंतचा चढ यांत तुम्हाला काहीही करता येणार नाही. पाहताक्षणी डोळ्यांत भरणारा दोष पुष्कळदा पहिल्या रांगेतला असतो, आणि तुमच्या तळमजल्याच्या घरातल्या तीन पायऱ्यांबाबत मला तसेच वाटते.

पायरी १५ सेंटिमीटरची धरली तर तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटरची उंची. रॅम्पचा चढ एकास बारापेक्षा तीव्र नसावा, हे प्रमाण अनेक देशांच्या बांधकाम-नियमांत आढळते; म्हणजे प्रत्येक सेंटिमीटर उंचीला १२ सेंटिमीटर लांबी. त्या हिशेबाने तुम्हाला ५.४ मीटर लांबीचा उतार आणि वर दारापुढे, खुर्ची थांबवून दार उघडता येईल अशी, साधारण दीड मीटर लांब आणि दीड मीटर रुंद सपाट जागा लागेल. समोर सरळ एवढी लांबी नसेल तर मध्ये तशीच सपाट जागा सोडून रॅम्प वळवता येतो. दोन्ही बाजूंना कठडा आणि कडेला चाक घसरू नये म्हणून बुटकी कड हवी. ‘मी ढकलणार आहे, थोडा तीव्र असला तरी चालेल’ असा मोह तुम्हाला होईल, पण तुम्ही ढकलणार आहात म्हणूनच तो तीव्र नको. पावसाने ओला झालेला तीव्र उतार उतरताना ५० किलोंची खुर्ची मागे खेचून धरणे जिन्याइतकेच धोक्याचे असते.

बाथरूमचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि माझ्या मते घराचा निर्णय तिथेच व्हायला हवा. पायऱ्या दिवसातून दोनदा लागतात. बाथरूम सहा-सात वेळा लागते, आणि तिथली प्रत्येक खेप म्हणजे खुर्चीवरून कमोडवर, कमोडवरून अंघोळीच्या बैठकीवर आणि पुन्हा खुर्चीवर अशी उचल असते, तीही ओल्या फरशीवर. कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावायला किमान ७५ ते ९० सेंटिमीटर मोकळी जागा हवी. बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच, म्हणजे खुर्चीच्या बैठकीशी मिळतीजुळती असली की सरकता येते आणि उचलावे लागत नाही. धरायच्या दांड्या पक्क्या भिंतीतच बसवाव्या लागतात. पोकळ पार्टिशनमध्ये बसवलेली दांडी ऐन वेळी भिंतीसकट हातात येते. शिवाय मुलगा मोठा होत जाईल तसे हे काम खासगीपणाचेही होत जाणार आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला बाथरूमचे दार लावून घेता येणे ही त्याच्या दृष्टीने साधी बाब राहत नाही.

म्हणून माझे मत असे आहे. तळमजल्याच्या घरातील बाथरूम आणि कोठीची खोली यांच्यामधली भिंत भार पेलणारी आहे की नुसती आडभिंत आहे, हे स्थापत्य अभियंत्याकडून पाहून घ्या. गवंड्याच्या किंवा दलालाच्या शब्दावर विसंबू नका. ती आडभिंत असेल आणि ती काढायला घरमालक लेखी परवानगी देत असेल, तर तळमजला घ्या. पायऱ्यांची चिंता रॅम्पवर सोडा. भिंत काढता येणार नसेल तर ते घर, तळमजल्यावर असूनही, तुमच्या मुलासाठी घर नाही. मग पाचव्या मजल्याकडे वळा, पण करारापूर्वी लिफ्ट मोजा. खुर्ची आणि तिच्यामागे उभा राहणारा माणूस यांना केबिन आत साधारण ११० सेंटिमीटर रुंद आणि १४० सेंटिमीटर खोल लागते आणि तिचे दार किमान ८० सेंटिमीटर उघडायला हवे. लिफ्ट एकच आहे की दोन, वीज गेल्यावर ती चालते का, आणि ती बंद पडल्यास सरासरी किती वेळात दुरुस्त होते, हे तिथल्या रहिवाशांना विचारा. घरमालक प्रामाणिक असला तरी तो तिथे राहत नसतो. आगीच्या वेळी सामान्य लिफ्ट वापरता येत नाही, त्यामुळे पाचव्या मजल्यावरून मुलाला कोण, कसे आणि कोणत्या साधनाने खाली नेणार, याचे उत्तर इमारतीच्या व्यवस्थापनाशी बोलून राहायला जाण्याआधी ठरवा. जिन्यावरून घसरत खाली उतरवणाऱ्या खास खुर्च्या मिळतात. इमारतीत अशी एक खुर्ची असावी, ही मागणी अवाजवी नाही. हे उत्तर मिळाले नाही, तर मी तरी ते घर घेऊ नका असेच म्हणेन.

आता सांगण्याचा प्रश्न. पहिल्याच फोनवर मुलाच्या आजारापासून सुरुवात करू नका. त्यात लपवाछपवी काहीच नाही. आधी घराबद्दल विचारा : दाराची मोकळी वाट किती, पायऱ्या किती, बाथरूम किती बाय किती. निम्मी घरे इथेच गळतील आणि तुमची पायपीट वाचेल. उरलेल्या घरांच्या मालकांना मात्र करारापूर्वी स्पष्ट सांगा, आणि घर पाहायला जाताना मुलाला व त्याच्या खुर्चीला सोबत न्या. करार झाल्यावर सांगितले तर कायदा कदाचित तुमच्या बाजूने असेल, पण रॅम्प आणि दांड्या यांसाठी रोज ज्याच्या संमतीची गरज पडणार आहे, तो माणूस पहिल्या दिवसापासून फसवले गेल्याच्या भावनेत असेल. भाड्याच्या घरात ही किंमत फार मोठी असते.

सांगताना हातात लेखी पत्र असू द्या. ते असे काहीसे असावे : ‘आमचा नऊ वर्षांचा मुलगा व्हीलचेअर वापरतो. आपल्या घरात आम्हाला पुढील तीन बदल करावे लागतील : प्रवेशाशी रॅम्प, बाथरूमच्या दाराच्या बिजागऱ्या बदलणे आणि कमोडजवळ दोन दांड्या. हे काम जाणकार माणसाकडून करून घेऊ. खर्च आम्ही करू. घर सोडताना आपली इच्छा असल्यास सर्व पूर्ववत करून देऊ. आपला निर्णय कृपया अमुक तारखेपर्यंत लेखी कळवावा.’ या पत्रात विनवणी नाही आणि धमकीही नाही. घरमालकाच्या मनातल्या तिन्ही भीतींना, म्हणजे खर्च, नुकसान आणि घर परत मिळणे, यांना त्यात उत्तर आहे. बदलांची परवानगी मिळाली की ती करारनाम्यात कलम म्हणून घालून घ्या. तोंडी ‘करा की’ वर सुतार बोलावू नका.

यामागे तुमच्या बाजूने काय आहे, हेही माहीत असू द्या. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला गेला, ३ मे २००८ पासून तो लागू झाला आणि जगातील बहुसंख्य देशांनी त्याला मान्यता दिली आहे. त्याच्या ९व्या कलमात सुगम्यतेच्या, म्हणजे सर्वांना सहज ये-जा आणि वापर करता येण्याच्या, संदर्भात शाळा आणि दवाखान्यांच्या बरोबरीने घरांचा स्पष्ट उल्लेख आहे. २८व्या कलमात सार्वजनिक गृहयोजनांचा लाभ मिळण्याची तरतूद आहे. आणि २ऱ्या कलमात ‘वाजवी सोय’ ही कल्पना आहे : एखाद्या विशिष्ट व्यक्तीला लागणारा आवश्यक बदल, जो दुसऱ्यावर प्रमाणाबाहेर भार टाकत नाही, तो नाकारणे हा भेदभाव ठरतो. सुगम्यता ही सर्वांसाठी आधीपासून करून ठेवायची गोष्ट आहे. वाजवी सोय ही तुमच्या मुलासाठी, त्याने मागितल्यावर द्यायची गोष्ट आहे. म्हणूनच मागणी नेमकी असणे इतके महत्त्वाचे आहे. काय मागितले तेच लिहिलेले नसेल, तर काय नाकारले हेही सिद्ध करता येत नाही. तुमच्या देशाच्या कायद्यात हे कशा शब्दांत उतरले आहे ते अपंग हक्कांवर काम करणाऱ्या एखाद्या संघटनेच्या वकिलाकडून समजून घ्या. अशी मदत अनेकदा विनामूल्य मिळते.

गृहयोजनेच्या नकारावर मी गप्प बसू देणार नाही. ‘प्राधान्य गटात बसत नाही’ हे कारण नव्हे. कोणता गट, त्याचा कोणता निकष, आणि अर्जातील कोणत्या माहितीवरून तो पूर्ण होत नाही असे ठरले, हे लेखी विचारा आणि अर्जाची पोचपावती घ्या. फेरविचारासाठी मुदत असते. ती आधी शोधा, कारण न्याय्य बाजू असलेली प्रकरणे मुदत टळल्याने बाद झालेली मी पाहिली आहेत.

मूळ अर्जासोबत तुम्ही बहुधा निदानाचे प्रमाणपत्र जोडले असेल. इथेच गफलत होते. ‘सेरेब्रल पाल्सी’ हे शब्द वाचून कार्यालयातल्या माणसाला काहीच दिसत नाही, कारण त्याच निदानाची काही मुले धावतात आणि काहींना मानही धरता येत नाही. थेरपिस्टकडून निदानाऐवजी दिवसाचे वर्णन लिहून घ्या. ‘हा मुलगा आधाराशिवाय उभा राहू शकत नाही. पायरी चढू शकत नाही. दिवसातून अमुक वेळा त्याला उचलून हलवावे लागते. सध्याच्या घरी रस्त्यापर्यंत जाण्यासाठी त्याला एक व्यक्ती उचलून तीन मजले उतरवते. बाथरूममध्ये खुर्ची जात नाही, त्यामुळे त्याला दारापासून उचलून न्यावे लागते. त्याच्या आईला पाठीचा विकार जडला आहे.’ अशी सहा-सात वाक्ये, तारीख आणि सही. सध्याच्या जिन्याचे आणि बाथरूमच्या दाराचे, टेप लावून काढलेले दोन फोटो जोडा. मुलाचे वजन वाढले, शस्त्रक्रिया ठरली, तुमचे दुखणे बळावले, की प्रत्येक वेळी नवा कागद पाठवून नोंद अद्ययावत करायला लावा. प्रतीक्षायादीत नाव असणे आणि यादीतल्या माणसाला तुमची आजची स्थिती माहीत असणे, यात फार अंतर असते.

नातेवाइकांच्या सूचनेबद्दल. ते वाईट हेतूने बोलत असतील असे मला वाटत नाही. तुमचे हाल त्यांना पाहवत नसतील. पण ज्या अडचणीचे मूळ जिन्यात आहे, तिच्यासाठी मुलाने घर सोडावे, हा उपाय नव्हे. मघाच्याच कराराच्या २३व्या कलमात, मुलाच्या किंवा आईवडिलांच्या अपंगत्वाच्या कारणाने मुलाला आईवडिलांपासून वेगळे करता कामा नये, असे स्पष्ट म्हटले आहे. नातेवाइकांना खरोखर मदत करायची असेल तर आठवड्यातले दोन दिवस शाळेच्या वेळी जिन्यावर यायला सांगा. घरे मोजायला एक माणूस सोबत द्यायला सांगा.

रोनाल्ड मेस नावाचे एक अमेरिकी वास्तुरचनाकार होते. त्यांना नवव्या वर्षी, तुमच्या मुलाच्याच वयात, पोलिओ झाला आणि ते व्हीलचेअर वापरू लागले. वास्तुशास्त्र शिकताना त्यांना जिन्यांवरून उचलून वर्गात न्यावे लागे आणि त्यांची खुर्ची तिथल्या स्वच्छतागृहात जात नसे. पुढे ‘युनिव्हर्सल डिझाइन’ ही संकल्पना, म्हणजे सुरुवातीपासूनच सर्वांना वापरता येईल अशी रचना, त्यांच्याच नावाशी जोडली गेली. तुमच्या मुलाने वास्तुरचनाकार व्हावे म्हणून हे सांगत नाही. कुठे अडते हे त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला सर्वात आधी आणि सर्वात नेमके कळते, म्हणून सांगते आहे, आणि तुमच्या सबंध पत्रात तुमच्या मुलाचे मत कुठेच आलेले नाही. नऊ वर्षांच्या मुलाला ते असते. त्याला दोन्ही घरे दाखवा. खोलीच्या मध्यभागी थांबू द्या, स्वतः फिरू द्या, त्याचा हात स्विचपर्यंत पोहोचतो का, कडी त्याला उघडता येते का, खिडकीची चौकट त्याच्या डोळ्यांच्या आड येते का, ते त्यालाच पाहू द्या. गोल मुठीपेक्षा खाली दाबायचा आडवा दांडा असलेली कडी, जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटरवर, बहुतेक मुलांच्या हाताला सोपी जाते. त्याला जाते का ते विचारा. तो जे सांगेल ते तुमच्या कागदावर त्याच्या शब्दांत लिहा. मग भिंतीबद्दल अभियंता काय म्हणाला ते मला कळवा, आणि लिफ्टचे आकडे हाती आले असतील तर तेही. करारावर सही करण्यापूर्वी पत्र आले, तर मी ते सर्वात आधी वाचेन.